चीनमधल्या छोट्या नूडलच्या दुकानात काय खावं, कसं खावं?

चाकणकर

मंडळी, कंपनीच्या कामानं सध्या मुक्काम सूचौला आहे (शांघायच्या शेजारी). मशीनच्या ट्रायली 'उद्या संपतील' असं रोज सांगतात आणि रोज नवीन काहीतरी निघतं. दिवाळी इथेच होणार अशी चिन्हं आहेत.

राहतो त्या बिल्डिंगच्या खालीच सात-आठ टेबलांचं नूडलचं दुकान आहे. दर्शनी काचेमागे एक विशीतला पोरगा कणकेचा दांडा ओट्यावर धाडधाड आपटतो, दोन हातांत धरून ताणतो, दुमडतो, परत ताणतो आणि बघता बघता त्याचे दोरे करून मागच्या पातेल्यात भिरकावतो. कामावरून येताना मी तिथे पाच मिनिटं उभा राहतो आणि मग वर जाऊन भाजणीचं थालीपीठ लावतो. भाजणी आता डब्याच्या तळाला गेली आहे.

अडचण अशी की मी अंडं, चिकन, मटण सगळं खातो. बीफ आणि पोर्क मात्र नाही. भिंतीवर पन्नासेक पदार्थांचे फोटो आहेत, मला सगळे तांबडेच दिसतात. गल्ल्यावरच्या बाईंना इंग्रजी येत नाही, मला चिनी येत नाही. अशा ठिकाणी जावं का, काय मागावं, तिथल्या रीतीभाती काय? जाणकारांनी प्रकाश पाडावा.

चकलीचा सोऱ्या

भिंतीवर पन्नास फोटो आणि धाग्यात एकही नाही? फाऊल धरण्यात येत आहे.

आडकित्ता

शाकाहारी व्हा. सगळे प्रश्न मिटतील.

चकलीचा सोऱ्या

@आडकित्ता, चीनमध्ये शाकाहारी झाल्यावर प्रश्न मिटत नाहीत, सुरू होतात.

हनानरिटर्न

चाकणकर, पाटी हिरवी किंवा निळी आहे का? पुरुषांच्या डोक्यावर पांढरी टोपी, बायकांच्या डोक्याला रुमाल? असेल तर ते लान्चौ लाम्येनवाल्यांचं दुकान (लान्चौ हे वायव्य चीनमधलं शहर, लाम्येन म्हणजे हातानं ताणलेले नूडल). माझं एमबीबीएस हनान प्रांतात झालं. कॉलेजच्या मेसमध्ये मुसलमान विद्यार्थ्यांसाठी वेगळी खिडकी असायची, तिथेही हेच लोक. आम्ही नांदेड-लातूरची पोरं निम्मा पगार, म्हणजे घरून येणारा, तिथेच उडवायचो.

हे हुई मुसलमान, म्हणजे चिनीच बोलणारा मुसलमान समाज. नाव लान्चौचं लावतात, पण पूर्वेकडच्या शहरांतले बरेचसे दुकानदार शेजारच्या छिंगहाय प्रांतातल्या ह्वालोंग नावाच्या कोरड्या डोंगराळ भागातले असतात. १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथली माणसं बाहेर पडायला लागली आणि मग भावामागे भाऊ, चुलत्यामागे पुतण्या असं करत चीनभर पसरली. एक भाऊ कणीक ताणतो, दुसरा कढईवर, वहिनी गल्ल्यावर आणि कोपऱ्यातल्या टेबलावर त्यांचं पोरगं गृहपाठ करतंय. कुठल्याही शहरात जा, हेच दिसणार.

तेव्हा तुमचा पोर्कचा प्रश्न दारातच सुटला, हलाल दुकानात ते येतच नाही. दारूही नसते. बाहेरून बिअरचा कॅन घेऊन आत बसू नका, फार वाईट दिसतं. बाहेरचं खाणं आणू नये अशी पाटीच बऱ्याच ठिकाणी लावलेली असते.

आता बीफ. रश्शातल्या नूडलचे फोटो बहुतेक बीफचेच, ते सोडून द्या. टोमॅटो-अंड्याचे नूडल हमखास मिळतात: 'फान्छ्ये जीदान म्येन'. हिरव्या मिरचीवर परतलेले बटाट्याचे लांब काप भातावर घालून देतात. बटाटा मुद्दाम करकरीत ठेवलेला असतो, 'कच्चा आहे' म्हणून परत पाठवू नका. परतलेले नूडलही मिळतात, त्यात अंडं सांगा. जोडीला कोणी असेल तर 'दा पान जी' घ्या. परातीएवढ्या ताटात हाडांसकट कोंबडी, बटाटे, ढोबळी मिरची, चक्रफूल, सुक्या मिरच्या. मूळ शिनच्यांगकडचा पदार्थ, पण या दुकानांतून मिळतो. आणि एक वाक्य घोकून ठेवा: 'बू याओ न्यूरो'. बीफ नको.

आडकित्ता

@हनानरिटर्न, 'न्यूरो नको' म्हटलं की वरचे चार तुकडे काढतील. रश्शाचं काय? तो बीफच्या हाडांवरच तास न् तास उकळलेला असतो. चाकणकर, तुम्हाला खरंच चालणार नसेल तर त्या दुकानात जाऊच नये असं माझं प्रामाणिक मत. उगाच मनाचं समाधान.

हनानरिटर्न

अर्धं बरोबर. नूडल ज्या पातेल्यात उकळतात ते साध्या पाण्याचं असतं, रस्सा शेजारच्या दुसऱ्या पातेल्यात. नूडल वाडग्यात काढून मग वरून रस्सा ओततात. त्यामुळे कोरडा किंवा परतलेला प्रकार घेतला की रश्शाशी संबंध येत नाही. टोमॅटो-अंड्याच्या सूपवाल्या प्रकारात मात्र काही जण तोच रस्सा घालतात, ते आधी विचारावं. कढई, झारा तेच असणार हे खरं आहे. तेवढं ज्याला चालत नाही त्यानं जाऊ नये, यावर वाद नाही.

वसईची मेरी

मी बीफ खाते, त्यामुळे सगळे ज्याच्याभोवती फेऱ्या मारताहेत त्या वाडग्याबद्दल सांगते. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही काळ शांघायला होतो.

चांगल्या वाडग्याची परीक्षा तिथे रंगांवर करतात. रस्सा निवळशंख, मुळ्याच्या चकत्या पांढऱ्या, मिरचीचं तेल लाल, कोथिंबीर आणि लसणीची पात हिरवी, नूडल पिवळसर. या पाचांतलं एक जरी बिघडलं तरी जुने लोक नाक मुरडतात. रस्सा मसालेदार असतो, पण मसाला डोळ्यांना दिसत नाही, नुसता वास येतो. मांस म्हणाल तर नखाएवढे पातळ काप. त्यावरून तिथे विनोद चालतात, की काप कापणाऱ्याचं कौशल्य ताणणाऱ्यापेक्षा मोठं.

आणि लाल तेलाला घाबरू नका. दिसतं भयंकर, लागतं खमंग. आपल्या जिभेला काहीच होत नाही.

मागवाला

मेरीताई बरोबर बोलल्या. लाल बघून मी पैल्यांदा तोंडाला रुमाल बांधायच्या तयारीत बसलोवतो, खाल्लं तर गोडच लागलं की वो. आमी इचलकरंजीचे, कापडाच्या धंद्यापायी केछ्यावला येणं-जाणं असतंय. शावशिंगजवळ कापडाचा लई मोठा बाजार हाय, आपली गुजराती-मारवाडी मंडळी पैशाला पासरी. हिंदुस्थानी हाटेलंबी हायत, पण तिथं दालफ्रायचं बिल बघून भूक मरती. मग काय, रोज लाम्येन.

चाकणकर, टेबलावर लसणीच्या पाकळ्या ठेवलेल्या असतील, न सोललेल्या. त्या सजावटीला न्हाईत. एक घास नूडल, एक चावा लसूण. उत्तरेकडची माणसं तर लसणीबिगर नूडल खाणं म्हंजे निम्मी चव घालवली असं म्हणत्यात. शेजारी काळ्या व्हिनेगारची बाटली असतीया, सोया सॉस समजून भसाभसा वतू नका.

चाकणकर

वा! पाटी हिरवीच आहे. आणि लसूण मी बाहेरून पाहिली होती, मला वाटलं निवडायला ठेवली आहे. आडकित्ता, तुमचा मुद्दा समजला. मला कढई चालेल, रस्सा नको. अजून येऊ द्या.

चकलीचा सोऱ्या

मी गेलो तर शेजवान ट्रिपल राईस मागणार. बघू देतात का.

गिरगाव चौपाटी

नाही देणार. तसंच मंचुरियनही नाही. ते १९७५ साली मुंबईतच, क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वाँग यांनी केलं. कलकत्त्यात जन्मलेले चिनी गृहस्थ. मंच्युरियाला त्याचा पत्ता नाही. हक्का नूडलही कलकत्त्याच्या हक्का लोकांकडून आपल्या गाड्यांवर आले. तरी मला आमच्या गल्लीतल्या गाडीवरची चायनीज भेळ कुठल्याही लाम्येनपेक्षा प्रिय आहे, हे जाता जाता नोंदवतो.

लेणी आणि मी

दोन वर्षांपूर्वी दुनहुआंगची लेणी बघायला गेलो होतो. अजिंठ्याच्या नादाला लागलेला माणूस कधी ना कधी तिथे पोचतोच. वाटेत लान्चौला उतरलो. तिथल्या एकाही दुकानावर 'लान्चौ लाम्येन' असं लिहिलेलं दिसलं नाही. नुसतं 'बीफ नूडल'. बाहेर ज्याला लान्चौचं म्हणून विकतात ते लान्चौकर मानतच नाहीत.

आणि तिथे ही गोष्ट सकाळी खातात. सात वाजता रांग. गल्ल्यावर पैसे देऊन चिठ्ठी घ्यायची, ती खिडकीत सरकवायची आणि कणीक ताणणाऱ्याला नूडल केवढे जाड हवेत ते ओरडून सांगायचं. सगळ्यात बारीक 'माओशी', केसासारखे. मग 'शी', मग थोडे जाड 'अर्शी'. चपट्यांत 'ज्यौये' म्हणजे लसणीच्या वासाच्या एका चिनी पातीच्या (गार्लिक चाइव्हज) पानाएवढे, आणि सर्वात रुंद 'दाख्वान', कमरेच्या पट्ट्यासारखे. तुमच्या मागे वीस माणसं उभी असतात, विचार करायला वेळ नसतो. बारा-एकनंतर बरीच दुकानं आवरायलाच घेतात, कारण रस्सा संपतो.

मी बीफ खात नाही, म्हणून अंडं घातलेले कोरडे नूडल मागितले. मागचा म्हातारा माझ्याकडे असं बघत होता, की जणू मी पंढरपूरला जाऊन विठोबाचं दर्शन न घेता परत निघालोय.

इतिहासाची वही

@लेणी आणि मी, छान. थोडी भर. १९१५ च्या सुमारास मा बाओत्स नावाचा हुई माणूस लान्चौत कावडीवरून गरम नूडल विकायचा, पुढे त्यानं दुकान टाकलं, आणि आजच्या पदार्थाचं श्रेय त्याला देतात. शहराच्या दृष्टीनं हा पदार्थ केवढा मोठा ते बघा: २००७ च्या जूनमध्ये दुकानदारांनी भाव वाढवले तेव्हा लान्चौच्या प्रशासनानं किमतीवर मर्यादाच घातली. साध्या दुकानात मोठा वाडगा जास्तीत जास्त अडीच युआन.

गिरगाव चौपाटी

आपल्याकडे वडापाववर अशी मर्यादा घातली तर सरकार टिकेल की पडेल? (हे अवांतर आहे, कोणी उत्तर देऊ नये.)

आडकित्ता

टिकेल. वडा लहान होईल.

लेणी आणि मी

अवांतरात माझंही एक. दुनहुआंगचा स्वतःचा नूडलचा प्रकार आहे, पिवळे नूडल आणि सोबत गाढवाचं मांस. चाकणकर, बीफवरून एवढी चर्चा झाली म्हणून सांगून ठेवतो, तिकडे गेलात तर नुसतं 'बीफ नको' म्हणून भागणार नाही.

चकलीचा सोऱ्या

'गाढव नको' चिनीत कसं म्हणतात? ऑफिसातही उपयोगी पडेल.

मुळाक्षरं

मी शांघायला राहते आणि मला या धाग्याबद्दल तक्रार आहे. सूचौत राहून लान्चौचे नूडल खायचे? सूचौचे स्वतःचे नूडल हा चीनमधला अत्यंत नाजूक प्रकार. बारीक नूडल केस विंचरून अंबाडा घालावा तसे रश्शात दुमडून ठेवतात, एकही धागा वाकडा नाही. तांबडा रस्सा की पांढरा रस्सा, ते आधी विचारतात. वर घालायचा पदार्थ वेगळ्या ताटलीत येतो. तिथले म्हातारे पहाटे उठून पहिल्या पाण्यातले नूडल खायला जातात. नंतर नंतर पाणी पिठूळ होतं आणि नूडल चिकट लागतात, हे त्यांचं म्हणणं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला कोलंबीचं मांस, कोलंबीची अंडी आणि डोक्यातला गर असे तीन भाग सोलून घातलेले नूडल मिळतात. किंमत विचारू नका.

हनानरिटर्न

@मुळाक्षरं, सगळं मान्य. पण त्या रश्शात पोर्कची हाडं आणि शिवाय ईल माशाचे काटे उकळलेले असतात. चाकणकरांना पोर्क नको आहे. अगदी साधे, नुसती कांद्याची पात घातलेले 'यांगछुन' नूडल दिसतात निरागस, त्यातही डुकराची चरबी असते. साधं दिसतं म्हणून शाकाहारी समजून खाणारे कितीतरी विद्यार्थी मी पाहिले. चोंगछिंगच्या तिखट नूडलमध्येही तेच.

मुळाक्षरं

तो मुद्दा माझ्याकडून राहिला, बरोबर आहे. पण मग उत्तरही सूचौतच आहे. शीयुआन मंदिरात जा. बौद्ध मंदिर, आवारात मांजरांची फौज, आणि तिथे शाकाहारी नूडल मिळतात. मशरूम, बांबूचे कोंब, पिठाच्या ग्लूटेनचे तुकडे वर घालून. चिनी भिक्खूंच्या नियमात मांस नाहीच, कांदा-लसूणसुद्धा नाही. शांघायलाही लोंगह्वा आणि युफो मंदिरांत असेच नूडल मिळतात.

तिन्हीसांज

कांदा-लसूण नाही?? माझ्या सासूबाईंना चीनला नेता येईल म्हणायचं. चातुर्मासातसुद्धा.

पेडण्याचा पोर

कोणीतरी वर चोंगछिंगचं नाव काढलं म्हणून. तिथल्या नूडलमध्ये ज्यानं जीभ बधिर होते ते 'ह्वाज्याव' म्हणजे आपल्या तिरफळाचं सख्खं चुलत भावंड. एकाच कुळातलं, झान्थोझायलम. फळाचं टरफल वापरायचं, आतलं काळं बी टाकून द्यायचं, दोन्हीकडे सारखंच. बांगड्याच्या उडीद-मेथीत किंवा तिरफळ घातलेल्या हुमणात वाढलेल्या माणसाला त्या मुंग्या नवीन नाहीत. फरक इतकाच, की आपण चार तिरफळं ठेचून वासापुरती घालतो आणि ते मूठभर टाकतात. माझे मुंबईचे मित्र तिथे 'ॲलर्जी झाली' म्हणून घाबरले होते, मी दुसरा वाडगा मागवला.

काळजीवाहू

सगळं ठीक आहे पण अजिनोमोटोचं काय? आमच्या ह्यांना चायनीज खाल्लं की डोकं धरतं.

हनानरिटर्न

@काळजीवाहू ताई, १९०८ मध्ये इकेदा नावाच्या जपानी रसायनशास्त्रज्ञानं ते समुद्री शेवाळातून वेगळं काढलं. १९६८ मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरांचं पत्र छापून आलं, की चिनी हॉटेलात जेवल्यावर मानेला बधिरपणा येतो, धडधडतं. कारणं त्यांनी अंदाजानं लिहिली होती, त्यातलं एक हे. तेवढ्यावर जगभर बदनामी झाली. नंतर खाणाऱ्याला न सांगता केलेल्या चाचण्यांत नेहमीच्या प्रमाणात घेतल्यावर ठामपणे काही हाती लागलं नाही. टोमॅटोत आणि जुन्या चीजमध्ये तेच ग्लुटामेट नैसर्गिकरीत्या असतं. ह्यांना गाडीवरच्या तेलानं आणि मिठानंही डोकं धरत असेल.

काळजीवाहू

ते चीज खाताना कधी डोकं धरल्याचं ऐकलं नाही खरं. विचारते.

इतिहासाची वही

कुणी मार्को पोलोनं नूडल इटलीला नेल्याची गोष्ट सांगायच्या आत हे टाकतो. छिंगहाय प्रांतातच, म्हणजे या ह्वालोंगवाल्यांच्या मुलुखात, लाज्या नावाच्या ठिकाणी सुमारे ४००० वर्षांपूर्वीची वस्ती सापडली, भूकंप आणि पुरात गाडली गेलेली. तिथे एका उपड्या वाडग्याखाली पिवळ्या नूडलचं भेंडोळं मिळालं, अर्धा मीटरपर्यंत लांब. २००५ मध्ये 'नेचर'मध्ये ते प्रसिद्ध झालं. गहू नव्हे, राळा आणि वरीच्या जातीचं धान्य. त्यावर वाद झाला, की राळ्याला गव्हासारखा चिवटपणा नाही, त्याचा दोरा ताणणार कसा? मग संशोधकांनी राळ्याचं पीठ साच्यातून दाबून तसे नूडल पाडून दाखवले.

चकलीचा सोऱ्या

साच्यातून दाबून!! चार हजार वर्षांपूर्वी तिथे सोऱ्याच होता. माझ्या घराण्याचा उल्लेख केल्याबद्दल आभार. यापुढे मला आदरानं हाक मारावी.

वसईची मेरी

आता ताणण्याबद्दल. कणकेत एक खार घालतात. वाळवंटी झुडूप जाळून त्याच्या राखेपासून काढलेला, त्याला 'फंगह्वै' म्हणतात. हल्ली तयार पूडही येते. पापडात पापडखार घालतो, त्याच गोत्रातलं. त्यानं कणीक लवचीक होते आणि पिवळी झाक येते. आमच्या दुकानातला माणूस आधी कणकेला दोरीसारखा पीळ घालायचा, सोडायचा, परत उलटा पीळ, कणीक हवी तशी 'ऐकायला' लागेपर्यंत. मग ताणायला घ्यायचा. दर दुमडीला दोरे दुप्पट. सातव्याला १२८, आठव्याला २५६. हातात धरलेला शेवटचा गोळा चिमटीनं तोडून ओट्यावर टाकायचा आणि नूडल पातेल्यात. बारीक असतील तर लगेच शिजतात, म्हणून जाडीप्रमाणे पातेल्यातून काढायची वेळ वेगळी. हे करताना तो शेजाऱ्याशी फोनवर भांडायचा.

सोलापुरी चादर

एवढे प्रतिसाद झाले आणि धाग्यात अजून डॉ. कोटणीस आले नाहीत? सोलापूरकर म्हणून निषेध.

लेणी आणि मी

@सोलापुरी चादर, घ्या. शिज्याच्वांगला त्यांची समाधी आहे, १९३८ मध्ये डॉक्टर म्हणून चीनला गेले आणि १९४२ मध्ये चीनमध्येच वारले. चिनी नाव क दीह्वा. त्या गावात स्टेशनजवळच्या नूडलवाल्या म्हाताऱ्याला मी भारतातून आलोय कळल्यावर त्यानं आधी हे नाव घेतलं, नंतर पैसे घेतले. पूर्ण घेतले.

सोलापुरी चादर

पैसे घेतले ते योग्यच केलं. फुकट खाणं सोलापूरला शोभलं नसतं.

मुळाक्षरं

पैशांवरून आठवलं. चाकणकर, रोख घेतात पण सुट्ट्यांची बोंब असते. टेबलावर चिकटवलेला क्यूआर स्कॅन करायचा. अलीपे किंवा वीचॅटला आपलं व्हिसा-मास्टरकार्ड जोडता येतं, २०० युआनच्या आतल्या खरेदीवर परदेशी कार्डाचं शुल्क लागत नाही. साध्या वाडग्याला पंधरा-वीस युआन पडतील. अलीपेमध्येच भाषांतराची सोय आहे, भिंतीवरच्या फोटोंवर कॅमेरा धरा. भाषांतर अधूनमधून दिव्य येतं, पण बीफ कशात आहे ते कळतं.

बाकी रीतीभाती फारशा नाहीत. टेबल भरलेलं असेल तर अनोळखी माणसासमोर जाऊन बसायचं, परवानगीची मानेची हालचाल पुरे. भुरके मारून खाल्लं तर कोणी बघत नाही, उलट न भुरकता गरम नूडल खाऊन दाखवा. नूडल उकळलेलं पाणी वाडग्यात मागितलं तर देतात, तिथे तेच पाचक म्हणून पितात. थंड पाणी मागू नका, मिळणार नाही.

आडकित्ता

एक कडवट अनुभव, नाव-गाव न घेता. एका पर्यटनस्थळाबाहेरच्या नूडलच्या दुकानात फोटोखाली एक भाव आणि बिल वेगळंच. विचारलं तर वाडगा, चॉपस्टिक, कागदी रुमाल सगळ्याचे वेगळे पैसे लावलेले. तेव्हा प्रवेशद्वारासमोरची दुकानं टाळा, दोन गल्ल्या आत जा. यात चीनचा दोष नाही, आपल्याकडच्या देवस्थानाबाहेर पाण्याची बाटली घेऊन बघा.

चाकणकर

मंडळी, जाऊन आलो!

साडेआठला गेलो, एक टेबल रिकामं होतं. बाईंना 'बू याओ न्यूरो' म्हटलं. त्यांनी 'मग काय हवं' अशा अर्थाचं एक लांबलचक वाक्य म्हटलं. मी भिंतीवर टोमॅटो-अंड्याकडे बोट दाखवलं, मग मोठ्या रश्शाच्या पातेल्याकडे बोट दाखवून हात हलवला. त्यांनी आत ओरडून काहीतरी सांगितलं, कढईवरच्या माणसानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि हसला. आणि मग काचेमागचा तो पोरगा माझ्याकडे वळून थांबला. हातात कणीक लोंबतेय, भुवया वर. मला कळेना. लेणीवाल्यांचा प्रतिसाद आठवला आणि 'ज्यौये' म्हणून टाकलं. उच्चार काय झाला असेल देव जाणे, पण त्यानं कणकेचा दांडा तळहातानं चपटा केला आणि ताणायला लागला.

टोमॅटो आंबट-गोड, अंडं मऊ, नूडल दातांना किंचित विरोध करणारे. लाल तेल दोन चमचे घातलं, मागवाल्यांचं खरं आहे, काही होत नाही. लसूण मात्र झणझणली. समोर एक डिलिव्हरीवाला हेल्मेट न काढताच जेवत होता, त्यानं माझी लसूण सोलण्याची गती बघून स्वतःच्या दोन सोललेल्या पाकळ्या माझ्याकडे सरकवल्या.

अठरा युआन. आडकित्ता, कढईत आधी काय झालं होतं ते विचारलं नाही.

आडकित्ता

अभिनंदन. मी काही म्हणत नाही. जीभ तुमची, कढई त्यांची.

तिन्हीसांज

मस्त! ते हेल्मेटवाले भाऊ आवडले. माझा प्रश्न मात्र अर्धवट राहिला: सासूबाई अंडंही खात नाहीत. मंदिरातल्या नूडलमध्ये अंडं असतं का?

मुळाक्षरं

@तिन्हीसांज ताई, मंदिरातल्या नूडलमध्ये नसतं, तरी काउंटरवर 'जीदान?' असं विचारून मान हलवून खात्री करून घ्या. सकाळी लवकर न्या, सणाच्या आणि अमावास्या-पौर्णिमेच्या दिवशी गर्दी फार. आणि मांजरांची भीती असेल तर आधीच सांगून ठेवा.

मागवाला

चाकणकर, एकटं खाऊन झालं, आता दा पान जी राहिली. ती कोंबडी एकट्याचं काम न्हवं. निम्मी संपली की उरलेल्या रश्श्यात रुंद नूडल टाकून मागायचे, खरा मजा तिथं हाय. मी पुढच्या महिन्यात केछ्यावला येतोय, तिथनं तुमच्याकडं रेल्वेनं दोनेक तास. कट्टा करूया का?

मुळाक्षरं

मी शांघायहून अर्ध्या तासात पोचते. रविवार ठेवा. सकाळी मंदिर, दुपारी कोंबडी, असा क्रम चालत असेल तर.

मागवाला

चालतंय की. येताना घरचा ठेचा आणतो. आत न्यायला नगं म्हणत असतील तर दारात उभं राहून खाऊ.